प्राणवायू, कर्बवायू आणि शरीराचे पहारेकरी

आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहात ज्यांनी सत्तावीस वर्षे भाकऱ्या थापल्या, त्या मावशी या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांना आठवत असतील. पहाटे चार वाजता त्यांची चूल पेटे. पावसाळ्यात लाकडे ओली असत, धूर कौलांपर्यंत भरून राही आणि त्या धुरातून फुंकणीचा आवाज व मावशींचा खोकला एकदमच ऐकू येई. आम्हा मुलांना त्या खोकल्याचे कधी नवल वाटले नाही. चूल म्हटली की धूर आणि धूर म्हटला की खोकला, इतका तो हिशेब आम्हाला सरळ वाटे.

निवृत्तीनंतर मावशींना दम लागू लागला. डॉक्टरांनी निदान केले ते सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन फुप्फुसांची लवचीकता नष्ट करणाऱ्या आजाराचे. दर हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ होई आणि एकदा तरी रुग्णालयाची पायरी चढावी लागे. पुढे घरी ऑक्सिजनचे यंत्र आले. मिनिटाला एक लिटर, यापेक्षा जास्त नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. दोन हिवाळ्यांपूर्वी एका रात्री मावशींना जास्त धाप लागली. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या वर्गमित्राने, घाबरून यंत्राचा काटा पाचवर नेला. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ हा आकडा उमटला आणि घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडला. सकाळी मावशी उठेनात. हाक मारली की डोळे उघडत, काहीतरी असंबद्ध पुटपुटत आणि पुन्हा झोपी जात. रुग्णालयात त्यांच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड मोजला, तेव्हा तो नेहमीच्या दुपटीच्या घरात गेलेला होता.

मावशी त्या वेळी बचावल्या. पण त्यानंतर त्यांच्या मुलाने मला फोनवर विचारलेला प्रश्न मनातून जाईना. तो म्हणाला, “ज्याला आपण प्राणवायू म्हणतो, त्याने कुणाचे वाईट होते का रे? आणि आईला दर थंडीत न्यूमोनियाच का धरतो?”

शरीरक्रियाशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. तरी या दोन प्रश्नांची उत्तरे फोनवर देता आली नाहीत. ती सविस्तर द्यावीत, म्हणून हा लेख.

शाळेतला धडा आणि त्यापुढचे पान

विज्ञानाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे की आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. ऑक्सिजन हे इंधन जाळण्याचे साधन आणि कार्बन डायऑक्साइड ही त्या जळणाची राख, अशी आपली समजूत होते. धडा चुकीचा नाही. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के व कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के असतो. बाहेर येणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे १६ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर मिनिटाला अंदाजे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरते आणि २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करते.

परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संशोधनाने या धड्यापुढे एक पान जोडले आहे. हे दोन्ही वायू शरीरातील पेशींसाठी संदेशही असतात. आपण कोठे आहोत, भोवती काय चालले आहे, लढावे की थांबावे, हे ठरवताना पेशी या दोन वायूंचे प्रमाण वाचतात. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या बाबतीत तर हे वाचन विशेष महत्त्वाचे ठरते, कारण शरीरातील इतर पेशी एका जागी स्थिर असतात आणि या पहारेकरी पेशींना मात्र सर्वत्र फिरावे लागते.

त्यांचा प्रवास आकड्यांत पाहू. वायूचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. समुद्रसपाटीवर हवेतील ऑक्सिजनचा दाब सुमारे १६० असतो. फुप्फुसातील वायुकोशांत तो १०० वर येतो. अवयवांना ऑक्सिजन देऊन परतणाऱ्या रक्तात तो ४० उरतो. अस्थिमज्जेत, जेथे या पेशी जन्म घेतात, तेथे तो आणखी कमी असतो. लसीका ग्रंथींच्या ज्या भागात प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी घडतात, तेथेही ऑक्सिजनची टंचाईच असते. आणि पू झालेल्या जखमेत तो जवळजवळ शून्यावर येतो. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात, सुजेमुळे रक्त पोहोचत नाही आणि उरलासुरला ऑक्सिजन जंतू व पेशी मिळून संपवतात. म्हणजे पहारेकरी पेशीला जेथे सर्वांत मोठी लढाई लढायची असते, तेथेच ऑक्सिजन सर्वांत कमी असतो.

प्रयोगशाळेत मात्र अनेक दशके या पेशी बाहेरच्या हवेइतक्याच मुबलक ऑक्सिजनमध्ये वाढवल्या व अभ्यासल्या गेल्या. मासा पाण्याबाहेर काढून त्याच्या पोहण्याचा अभ्यास करावा, तसाच काहीसा हा प्रकार होता. टंचाईत या पेशी कशा वागतात, हे त्यामुळे उशिरा कळले.

लिहिली जाणारी आणि पुसली जाणारी पाटी

पेशीला ऑक्सिजन कमी झाल्याचे कळते कसे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अमेरिकेतील ग्रेग सेमेन्झा व विल्यम केलिन आणि इंग्लंडमधील पीटर रॅटक्लिफ या तिघांना मिळाले. सेमेन्झा आणि रॅटक्लिफ एका साध्या निरीक्षणाच्या मागे लागले होते. उंच डोंगरावर राहिले की रक्तातील तांबड्या पेशी वाढतात, कारण मूत्रपिंडे त्यासाठी एक संप्रेरक जास्त सोडतात. पण मूत्रपिंडांना ही वर्दी कोण देते? केलिन यांची वाट निराळी होती. काही कुटुंबांत आनुवंशिकतेने येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठींचा ते अभ्यास करीत होते. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

सेमेन्झा यांना सापडलेल्या प्रथिनाचे नाव एचआयएफ, मराठीत ‘टंचाई-दर्शक प्रथिन’ म्हणू. पेशी हे प्रथिन अखंड तयार करीत असते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांतच ते मोडूनही टाकते. काही विकरे ऑक्सिजनचाच वापर करून या प्रथिनावर एक रासायनिक खूण करतात. ती खूण दिसली की दुसरे प्रथिन त्याला पकडते आणि पेशीच्या मोडतोड-यंत्रणेकडे सोपवते. आपल्या लहानपणीची पाटी आठवावी. एक हात सतत लिहीत आहे आणि दुसरा हात ओल्या फडक्याने सतत पुसत आहे. पाटी कोरीच दिसते. ऑक्सिजन कमी झाला की पुसणारा हात थांबतो आणि पाटीवरची अक्षरे उमटू लागतात. साठलेले टंचाई-दर्शक प्रथिन केंद्रकात शिरते आणि शेकडो जनुके जागी करते.

प्रथिन तयार करून लगेच मोडणे ही उधळपट्टी वाटेल. परंतु संकट आल्यावर नव्याने लिहायला बसण्यापेक्षा पुसणे थांबवणे फार जलद होते. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या परिस्थितीत वावरणाऱ्या पेशीला ही घाई परवडते.

टंचाईतील लढाई

जखमेत सर्वांत आधी पोहोचतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या श्वेत पेशी. त्यांच्या मागोमाग येतात जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशी. ऑक्सिजनवाचून या पेशी ऊर्जा कोठून आणतात? त्या साखर अर्धवट मोडून काम भागवतात. या मार्गाने ऊर्जा थोडी मिळते, पण ऑक्सिजन लागत नाही. हा मार्ग सज्ज ठेवण्याचे काम टंचाई-दर्शक प्रथिनच करते. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील रँडल जॉन्सन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या या पेशींतून ते प्रथिन काढून टाकून पाहिले. त्या पेशींची ऊर्जा घटली, त्यांची हालचाल मंदावली आणि जंतू मारण्याची क्षमताही कमी झाली. पुढे असेही दिसले की एरवी अल्पायुषी असलेले न्यूट्रोफिल ऑक्सिजनच्या टंचाईत अधिक काळ जगतात, आणि त्यामागेही हेच प्रथिन आहे.

याच्या जोडीला आणखी एक संदेशवाहक आहे. त्याचे नाव एनएफ-कप्पा-बी. एरवी तो पेशीत बांधून ठेवलेला असतो. जंतूची चाहूल लागली की त्याचे बंधन तुटते, तो केंद्रकात जातो आणि दाह निर्माण करणारी रसायने तयार करण्याचा आदेश देतो. ताप, सूज, लाली ही त्या आदेशाची बाहेरून दिसणारी रूपे होत. टंचाई-दर्शक प्रथिनावर खूण करणारी जी विकरे, तीच या संदेशवाहकालाही काहीशी आवरून धरतात, असे २००६ मध्ये डब्लिन येथील संशोधकांनी दाखवले. ऑक्सिजन घटला की ती पकड सैल होते. म्हणून टंचाई ही स्वतःच दाहाला चेतवते.

परंतु चेतवलेले युद्ध थांबवावेही लागते, नाही तर शत्रूबरोबर गावही जळते. ऑक्सिजनअभावी त्रासलेल्या ऊतींमध्ये ॲडिनोसिन नावाचे रसायन साठते आणि ते लढणाऱ्या पेशींना ‘पुरे’ असा संदेश देते. हा लगाम किती मोलाचा आहे, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. फुप्फुसांना तीव्र दाह झालेल्या उंदरांना शुद्ध ऑक्सिजन दिला, तेव्हा हा लगाम सुटला आणि त्यांच्या फुप्फुसांची हानी वाढली. हाच लगाम कर्करोगाच्या गाठीत मात्र आपल्या विरुद्ध जातो. गाठीच्या आतील टंचाईमुळे साठलेले ॲडिनोसिन तिच्यावर चालून आलेल्या पेशींना थोपवून धरते.

म्हणजे एकच टंचाई एका पेशीला ‘चाल करा’ म्हणते आणि दुसरीला ‘आवरा’ म्हणते. संदेशाचा अर्थ तो कोणाला, केव्हा आणि कोठे मिळाला यावर ठरतो.

ऑक्सिजनची आणखी एक भूमिका येथे नोंदवली पाहिजे. तो शस्त्रही आहे. गिळलेल्या जंतूला मारण्यासाठी न्यूट्रोफिल ऑक्सिजनपासून अत्यंत दाहक रसायने बनवतात. ज्या बालकांमध्ये हे काम करणारे विकर जन्मतःच सदोष असते, त्यांच्या शरीरात ऑक्सिजन मुबलक असूनही त्यांना पुनःपुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होतात. त्यामुळे शरीरातील ऑक्सिजन फार घटू देणे हेही घातकच आहे.

राख म्हणून दुर्लक्षिलेला वायू

आता कार्बन डायऑक्साइडकडे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या कर्बवायूकडे वळू. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्तात त्याचा दाब ३५ ते ४५ असतो आणि शरीर तो फार काटेकोरपणे सांभाळते. आपला श्वास प्रामुख्याने याच वायूच्या प्रमाणावर चालतो. श्वास रोखून धरला की काही वेळाने जी तगमग होते, ती मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे.

पहारेकरी पेशींवर त्याचा काय परिणाम होतो, याकडे लक्ष गेले ते अलीकडे. २००९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी फळमाश्यांना वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवले. माश्यांची जंतुनाशक प्रथिने तयार करणारी काही जनुके मंदावली आणि जंतुसंसर्गाने मरणाऱ्या माश्यांचे प्रमाण वाढले. २०१० मध्ये शिकागो येथील संशोधकांनी महाभक्षी पेशींवर प्रयोग केला. कार्बन डायऑक्साइड वाढवताच दाहाची हाक देणारी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही दोन रसायने कमी बनू लागली व पेशींची जंतू गिळण्याची क्षमताही घटली. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल होते, तेव्हा हा परिणाम आम्लतेचा असेल अशी शंका येणे साहजिक होते. संशोधकांनी आम्लता वेगळी तपासली. परिणाम वायूचाच निघाला. वायूचे प्रमाण पूर्ववत केले की पेशीही पूर्ववत होत. त्याच वर्षी डब्लिनच्या गटाने दाखवले की वाढलेला कार्बन डायऑक्साइड आपण वर पाहिलेल्या एनएफ-कप्पा-बी या संदेशवाहकाची वाट अडवतो.

२०१३ मध्ये हेच चित्र जिवंत उंदरांत दिसले. फुप्फुसात जंतू सोडलेले जे उंदीर १० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत होते, त्यांच्या न्यूट्रोफिलांची जंतू मारण्याची शक्ती घटली आणि त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. पुढे असेही आढळले की वाढलेला कार्बन डायऑक्साइड टंचाई-दर्शक प्रथिनालाही दडपतो. म्हणजे पाटीवर ‘ऑक्सिजन नाही’ असे लिहिले जात असतानाच ती अक्षरे पुसट करणारा हा दुसरा हात.

या वायूला नुसता खलनायकही ठरवता येत नाही. जेथे जंतू नसून दाहच अनावर झाला आहे, तेथे त्याचा हा शमनगुण उपकारक ठरू शकतो. कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांना लहान श्वास द्यावेत की मोठे, याविषयीचा अमेरिकेतील मोठा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या श्वासांच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, लहान श्वासांच्या गटात ३१ टक्के. लहान श्वासांमुळे कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो आणि डॉक्टर तो मर्यादेत वाढू देतात. मुख्य लाभ फुप्फुसे कमी ताणली गेल्याचा होता. तरीही वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा त्यात काही वाटा असावा का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

मावशींच्या मुलाला उत्तर

आता त्या दोन प्रश्नांकडे परत येऊ. आधी दुसरा प्रश्न घेऊ. सीओपीडीमध्ये श्वास बाहेर टाकणे कठीण होते, म्हणून कार्बन डायऑक्साइड शरीरात साठत जातो. अशा रुग्णांच्या फुप्फुसांत वारंवार जंतुसंसर्ग होण्यास अनेक कारणे आहेत. वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिकेतील कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस नष्ट झालेले असतात आणि कफ साचून राहतो. त्यात वरील प्रयोगांनी एक कारण जोडले आहे: साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पहारेकरी पेशी जणू पेंगू लागतात. हे प्रयोग बहुतांशी पेशी व प्राण्यांवरचे आहेत. मात्र ज्या रुग्णांच्या रक्तात हा वायू वाढलेला असतो, त्यांचा आजार अधिक गंभीर वळण घेतो, हे डॉक्टरांच्या अनुभवाशी जुळणारे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, तेथील रक्तवाहिन्या ऑक्सिजनची टंचाई वाचून आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. ही शरीराची शहाणी व्यवस्था आहे. बाहेरून भरमसाट ऑक्सिजन दिला की टंचाईचा संदेशच पुसला जातो. त्या रक्तवाहिन्या उघडतात, रक्त निकामी भागातून फिरून येते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात नाही. ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेते, ही त्यात भर पडते. श्वासही थोडा मंदावतो. साठलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूवर गुंगी आणतो. ऑक्सिमीटर यातले काहीच दाखवत नाही, कारण तो फक्त ऑक्सिजन मोजतो. त्या रात्रीचा ९८ हा आकडा खरा होता. पण तो अर्धाच हिशेब सांगत होता.

म्हणून सीओपीडीच्या रुग्णात ऑक्सिजनचे प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. ऑस्ट्रेलियाच्या तस्मानिया राज्यात रुग्णवाहिकेतील रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मोजून ऑक्सिजन दिलेल्या गटातील मृत्यू, सरसकट जास्त ऑक्सिजन दिलेल्या गटाच्या निम्म्याहूनही कमी होते. मावशींच्या मुलाने केलेली चूक मायेतून झाली होती आणि जगभरची रुग्णालये तीच चूक अनेक वर्षे सद्भावनेने करीत आली होती. त्याने स्वतःला दोष देत बसू नये.

हेच ज्ञान इतरत्र

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपण सर्वांनी पाहिले की कोरोनाचे काही रुग्ण हसत-बोलत असत आणि त्यांचा ऑक्सिजन मात्र ८० च्या घरात गेलेला असे. त्यांना धाप का लागत नव्हती? कार्बन डायऑक्साइड फुप्फुसाच्या पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीसपट सहजतेने पार होतो. आजार सुरू झाल्यावर ऑक्सिजन आत येणे अडले, तरी कार्बन डायऑक्साइड बाहेर जातच होता. आणि धापेची घंटा मुख्यतः तोच वाजवतो. सहा मिनिटे चालून पुन्हा ऑक्सिजन मोजा, असे आरोग्य यंत्रणा तेव्हा सांगत होती, ते न वाजलेल्या या घंटेसाठीच. येथे शिकवण मावशींच्या उलट आहे: त्या रुग्णांना ऑक्सिजन तातडीने हवा होता. जो एकाला जीवनदायी, तोच दुसऱ्याला मोजून द्यावा लागतो.

दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. आपल्या समाजाने या रोगात किती माणसे गमावली, हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. क्षयाच्या जंतूंना शरीराच्या पेशी गराडा घालतात आणि एक गाठ तयार होते. सशांच्या फुप्फुसातील अशा गाठींत ऑक्सिजनचा दाब मोजला, तेव्हा तो दोन मिलिमीटरहूनही कमी भरला. जंतूही ही टंचाई वाचतो. त्यासाठी लागणारी जनुकांची एक जोडी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जया त्यागी यांच्या गटाने शोधून काढली होती. टंचाईचा संदेश मिळताच क्षयाचा जंतू वाढ थांबवतो आणि सुप्त होतो. वाढणाऱ्या जंतूंना मारणारी औषधे झोपलेल्या जंतूंवर फार हळू काम करतात. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रुग्णाला वाटते, आता औषधे कशाला? याच वेळी गोळ्या थांबवल्या, तर झोपलेला जंतू पुन्हा जागा होतो आणि कधी औषधांना दाद न देणारा होऊन जागा होतो. औषधोपचार महिनोन्‌महिने चालण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

काय करावे, काय करू नये

हे सर्व वाचून काही वाचक विचारतील की श्वास रोखून किंवा जोराने घेऊन प्रतिकारशक्ती वाढवता येईल का. तसे दावे बाजारात पुष्कळ आहेत. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, जलद श्वसनाचे प्रशिक्षण घेतलेल्या निरोगी तरुणांत दाहाची रसायने काही काळ कमी झालेली दिसली. पण दाह कमी होणे म्हणजे रोगाशी लढण्याची शक्ती वाढणे नव्हे. जंतुसंसर्ग असताना दाह दबणे कसे घातक ठरू शकते, हे आपण वर पाहिले. आपल्या शाळेत रोज सकाळी जे आनापान होत असे, त्यात श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो, त्याला वळवायचे नसते. मनाच्या स्थैर्यासाठी तो अभ्यास जरूर करावा. त्याला औषधाची जागा देऊ नये.

वसतिगृहातील कोंदट खोलीविषयीही एक गैरसमज दूर करतो. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढतो, पण पेशींना पेंग यावी इतका नव्हे. त्या खोलीतला खरा धोका म्हणजे एकाने सोडलेला श्वास दुसऱ्याने घेणे, आणि त्याबरोबर क्षयाचे व फ्लूचे जंतू घेणे. कार्बन डायऑक्साइडचे वाढलेले प्रमाण त्या सामायिक श्वासाचे मोजमाप म्हणून उपयोगी पडते. खिडक्या उघड्या ठेवण्याची अधीक्षकांची शिस्त या कारणाने योग्यच होती.

घरी ऑक्सिजन यंत्र असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला आकडा औषधाच्या मात्रेइतकाच पाळावा. सीओपीडीचा रुग्ण सकाळी डोके दुखल्याची तक्रार करू लागला, अवेळी झोपू लागला किंवा गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवत असला तरी त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे. क्षयाची औषधे डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवावीत. आणि ज्या घरात अजून लाकडाची चूल आहे, तेथे धुराला बाहेर जायला वाट करून द्यावी; शक्य असेल तर ती चूल बंदच करावी. स्वयंपाक करणारीचा खोकला हा स्वयंपाकाचा भाग मानू नये. आम्ही तो मानला होता.

गेल्या महिन्यात मावशींना भेटून आलो. यंत्र खाटेशेजारी खिडकीजवळ होते. त्याच्या काट्यापाशी, एक या आकड्यावर, मुलाने लाल रंगाची ठळक खूण करून ठेवली आहे. मी निघताना मावशींनी विचारले, “जेवून जाणार ना?” आत सून गॅसवर भाकरी टाकत होती.